पिवळ्या पिशवीत टाकण्याआधी वार पाहा, तोला आणि लिहा

प्रति,
मा. प्रधान सचिव, सार्वजनिक आरोग्य विभाग,
मा. सचिव, वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय: गरोदरपणात उच्च रक्तदाब असलेल्या स्त्रियांच्या प्रसूतीनंतर वारेची नोंद व तपासणी सक्तीची करण्याबाबत

महोदय,

गरोदरपणात ज्या स्त्रीचा रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक आढळला, तिच्या प्रसूतीनंतर वार (प्लॅसेंटा) जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकण्यापूर्वी तोलावी, दोन्ही बाजूंनी नीट पाहावी, जे दिसेल ते केसपेपरवर आणि डिस्चार्ज कार्डावर लिहावे, आणि आजार गंभीर असेल तेव्हा ती फॉर्मेलिनमध्ये ठेवून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागाकडे पाठवावी, असा आदेश आपण काढावा, या एकाच मागणीसाठी हे पत्र आहे. मी विकृतिशास्त्रज्ञ आहे. सूक्ष्मदर्शकाखाली वारेचे काप पाहणे हा माझ्या कामाचा एक लहानसा भाग आहे, आणि तो इतका लहान आहे हीच माझी तक्रार आहे. पत्र खुले ठेवले, कारण हा विषय दोन विभागांच्या मध्ये पडतो: ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयांतील प्रसूतिगृहे सार्वजनिक आरोग्य विभागाकडे आहेत आणि वार तपासू शकणारे सूक्ष्मदर्शक बहुतांशी वैद्यकीय शिक्षण विभागाच्या महाविद्यालयांत आहेत. अशा मधल्या विषयांची फाइल कोठे थांबते, हे आपण माझ्याहून अधिक जाणता.

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१८-२० या काळातील आकड्यांनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे देशात ९७ माता दगावल्या, तर महाराष्ट्रात ३३. केरळनंतर हा देशातील सर्वांत कमी आकडा होता आणि त्याचे श्रेय आशाताईंपासून भूलतज्ज्ञांपर्यंत पुष्कळांना आहे. मात्र मृत्यूच्या आकड्यात न मोजल्या जाणाऱ्या स्त्रियांविषयी मला लिहायचे आहे. माता दगावली की अन्वेषण होते, कागद मागवले जातात, बैठक बसते. जी वाचते, पण जिचे बाळ आठव्या महिन्यात पोटातच जाते किंवा सव्वा किलोचे जन्मते, तिच्या आजाराचा सर्वांत बोलका पुरावा तासाभरात कचऱ्याच्या गाडीत असतो. केसपेपरवर उरते ते एक वाक्य: 'वार व पडदे पूर्ण'. हे वाक्य रक्तस्रावाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे, कारण आत तुकडा राहिला तर बाई दगावू शकते. पण ते वारेच्या आरोग्याबद्दल काहीच सांगत नाही.

रक्तदाब वाढला म्हणून वार बिघडली, अशी समजूत डॉक्टरांतही आढळते. प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब वाढून मूत्रपिंड, यकृत अशा अवयवांनाही इजा करणाऱ्या आजारात, आणि विशेषतः ३४ आठवड्यांच्या आत डोके वर काढणाऱ्या प्रकारात, क्रम बहुधा उलटा असतो: बिघाड आधी वारेच्या मुळाशी होतो, रक्तदाब कित्येक आठवड्यांनी वाढतो, आणि त्यानंतर दोघे मिळून एकमेकांचे नुकसान वाढवीत नेतात. याला दोन साधे पुरावे आहेत. संपूर्ण द्राक्षगर्भात बाळ नसते, वारेची ऊती मात्र भरपूर असते, आणि तरीही त्या स्त्रीला प्रीएक्लॅम्पसिया होऊ शकतो, तोही कित्येकदा वीस आठवड्यांच्या आधी. दुसरे असे, की रक्तदाबाच्या गोळ्या आणि झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट हाताशी असूनही हा आजार मुळातून संपवण्याचा उपाय आजवर एकच आहे, तो म्हणजे वार गर्भाशयाबाहेर येणे.

मुळाशी काय बिघडते, ते थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण माझी मागणी त्यावरच उभी आहे. गर्भाशयाच्या अस्तराला रक्त पुरवणाऱ्या सर्पिल धमन्या एरवी बारीक असतात. त्यांच्या भिंतीत स्नायू असतो आणि त्या आकसू शकतात. गर्भ रुजल्यावर वारेच्या पेशी या धमन्यांच्या भिंतीत शिरतात, तेथील स्नायू आणि लवचीक धागे हटवतात, आणि धमनीचे तोंड कित्येक पटींनी रुंद करून तिला आकसण्याची सोयच ठेवत नाहीत. पहिल्या तिमाहीत सुरू झालेले हे काम साधारण अठरा ते वीस आठवड्यांपर्यंत चालते आणि गर्भाशयाच्या स्नायूच्या आतल्या तिसऱ्या हिश्श्यापर्यंत पोहोचते. दिवस भरत आले की गर्भाशयाकडे मिनिटाला ६०० ते ७०० मिलिलिटर रक्त जाते, ते या बदलाच्या जोरावर. ब्रोझेन्स, रॉबर्टसन आणि डिक्सन यांनी निरोगी गरोदरपणातील हा बदल १९६७ मध्ये दाखवला आणि प्रीएक्लॅम्पसियात तो उथळ व अपुरा राहतो हे १९७२ मध्ये मांडले. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत तपशील बदलले, पण हा पाया टिकून आहे.

धमनी अरुंद राहिली म्हणजे वारेला रक्त कमी मिळते, हे सहज समजते. रक्ताच्या वेगाकडे मात्र दुर्लक्ष होते. ग्रॅहॅम बर्टन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये केलेल्या आकडेमोडीनुसार रुंद झालेल्या धमनीतून रक्त वारेत सेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर वेगाने येते, आणि न बदललेल्या धमनीतून एक ते दोन मीटर वेगाने. पाटाचे पाणी वाफ्यात संथ पसरले तर रोप भिजते. पंपाच्या नळीची धार थेट सोडली तर माती वाहून रोप आडवे होते. वारेच्या नाजूक अंकुरांचे असेच होते: धारेच्या समोरचे अंकुर फाटतात, तेथे पोकळ्या पडतात, कडेने फायब्रिन (रक्त गोठताना बनणारे धाग्यांसारखे प्रथिन) साचते. शिवाय स्नायू शाबूत असलेली धमनी मधूनच आकसते आणि मधूनच सुटते, आणि थांबून पुन्हा आलेल्या रक्तातील ऑक्सिजनच्या चढउताराने अंकुरांवरच्या आवरणाला वारंवार इजा होते.

काही धमन्यांच्या भिंतीत पुढे फायब्रिनसारखा पदार्थ आणि चरबीने फुगलेल्या पेशी जमतात. हृदयविकारात हृदयाच्या धमन्यांत वर्षानुवर्षे साचणाऱ्या थरांशी जवळचे नाते असलेला हा बदल येथे काही आठवड्यांतच घडतो. अशी धमनी गुठळीने बंद झाली की तिच्यावर पोसलेला वारेचा भाग मरतो. ताजा असताना तो गडद लाल आणि टणक असतो, जुना होत जाताना पिवळट पांढरा पडतो, आणि हाताने दाबून पाहणाऱ्या परिचारिकेलाही तो जाणवतो. पूर्ण दिवसांच्या निरोगी वारेच्या कडेला असा एखादा लहान डाग असणे सामान्य आहे. तीस आठवड्यांच्या वारेत मात्र तो मध्यभागी दिसला, तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नसते. सूक्ष्मदर्शकाखाली अशा वारेचे अंकुर बारीक आणि विरळ झालेले असतात, त्यांवर केंद्रकांचे पुंजके वाढलेले असतात, आणि तिसाव्या आठवड्याची वार अडतिसाव्या आठवड्याची भासावी इतकी ती लवकर पिकलेली असते. वारेजवळ राखीव क्षमता मोठी असते, म्हणून थोड्या नुकसानीत बाळ वाढत राहते. राखीव संपत आली की आधी बाळाची वाढ मंदावते, मग गर्भजल कमी होते, मग डॉप्लर सोनोग्राफीत नाळेच्या धमनीतील प्रवाह हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या काळात थांबतो किंवा उलटा फिरतो.

मातेला हा आजार का होतो, याचा धागाही वारेतूनच निघतो. शेरॉन मेनार्ड, अनंत करुमंची आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले, की ताणाखाली आलेली वार एसएफएलटी-१ नावाचे प्रथिन मातेच्या रक्तात मोठ्या प्रमाणात सोडते. रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर ज्या वाढघटकांवर निरोगी राहते, ते घटक हे प्रथिन पकडून निकामी करते. अस्तर बिघडले की मूत्रपिंडातून प्रथिने गळतात, रक्तदाब चढतो, यकृत आणि मेंदूपर्यंत झळ पोहोचते. आजच्या रक्तचाचण्या याच प्रथिनाचे आणि वारेच्या वाढघटकाचे गुणोत्तर मोजतात. ग्रामीण रुग्णालयात ती चाचणी मिळावी असे मी मागत नाही. ती वार मात्र तेथे प्रत्येक प्रसूतीत हातात येते आणि तिला एक पैसाही पडत नाही.

वार वेळेआधी सुटणे हा याच साखळीतील सर्वांत भीषण प्रकार. रोगट धमनी फुटते, वार आणि गर्भाशय यांच्या मध्ये रक्त साचते, पोट टणक होऊन दुखू लागते आणि बाळाचे ठोके जातात. कित्येकदा रक्त बाहेर येतच नाही, त्यामुळे घरच्यांना कळा सुरू झाल्या असे वाटते आणि गाडी उशिरा निघते. रक्त गोठण्याची क्रिया कोसळली तर माताही हातची जाते. अशा वारेच्या मातेकडील पृष्ठभागावर चिकटून बसलेली गुठळी आणि तिच्याखाली दबलेला खड्डा दिसतो. प्रसूतीच्या खोलीत गडबडीत गुठळ्या पुसून वार बादलीत गेली, की हा पुरावा कायमचा नाहीसा होतो, आणि नंतर माझ्याकडे बाळाचा मृत्यू का झाला अशी विचारणा येते, सोबत काहीच नसते.

येथे मर्यादाही सांगितली पाहिजे, नाहीतर माझ्या मागणीला अवास्तव अपेक्षा चिकटतील. सगळा उच्च रक्तदाब एकसारखा नाही. पूर्ण दिवस भरत आल्यावर सुरू होणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियात वार पुष्कळदा ठीकठाक, कधी मोठीही असते. तेथे मातेचे वजन, मधुमेह, जुळी बाळे, तिच्या हृदयाची व रक्तवाहिन्यांची मुळातली ताकद यांचा वाटा अधिक. गरोदरपणापूर्वीपासून रक्तदाब असलेल्या स्त्रियांचे चित्र आणखी वेगळे: कोणाची वार निरोगी, तर कोणाला वरून प्रीएक्लॅम्पसिया होऊन ती जबर बिघडलेली. उलट रक्तदाब कधीच न वाढलेल्या, पण बाळ खुरटलेल्या स्त्रीच्या वारेतही अगदी हेच बदल सापडतात. तेव्हा वारेचा अहवाल म्हणजे प्रीएक्लॅम्पसियाचा दाखला नव्हे. अहवालाला अर्थ येतो तो सोबतच्या माहितीमुळे, आणि नेमकी तीच माहिती आम्हाला मिळत नाही. विनंतीपत्रावर 'वार, तपासणीसाठी' एवढेच लिहिलेले असते. किती आठवडे, रक्तदाब किती, बाळाचे वजन किती, यांतले काही नसते. (आमची शाखा केवळ शवविच्छेदनासाठी आहे, असा समज वैद्यकातही अजून पुरता गेलेला नाही.)

मग एवढ्या मर्यादा असताना तपासणी कशासाठी, असे आपले अधिकारी विचारतील. पहिले कारण पुढच्या गरोदरपणाचे. आधी प्रीएक्लॅम्पसिया झालेल्या स्त्रीला पुढच्या वेळी कमी मात्रेची ॲस्पिरिन लवकर सुरू करायची असते, आणि त्यासाठी वारेच्या अहवालाची गरज नाही, हे खरे. पण ज्या स्त्रीचा रक्तदाब शेवटचे सहा आठवडे कोणी मोजलाच नाही, जी मृत बाळासह थेट प्रसूतीच्या कळांत आली आणि जिचा रक्तदाब रक्तस्रावामुळे तेव्हा खाली होता, तिच्या कागदावर रक्तदाबाचा आजार कधीच लिहिला जात नाही. तिची वारच सांगू शकते, की बिघाड मातेच्या धमन्यांचा होता. ॲस्प्रे या २०१७ च्या चाचणीत चाळणी तपासणीत अधिक जोखीम ठरलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून ३६ आठवड्यांपर्यंत रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिली, तेव्हा ३७ आठवड्यांच्या आत प्रसूती करावी लागणाऱ्या प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. ही गोळी स्वस्त आहे, पण सोळा आठवड्यांच्या आत सुरू झाली तरच तिचा पुरेसा उपयोग. कोणाला द्यायची हे आठव्या आठवड्याच्या नोंदणीवेळी एएनएमताईंना कळायला हवे असेल, तर मागच्या बाळंतपणाच्या कार्डावर काहीतरी लिहिलेले असले पाहिजे.

दुसरे कारण असे, की वारेचे काही दुर्मीळ आजार बाहेरून प्रीएक्लॅम्पसियासारखे दिसतात, पुन्हा पुन्हा होतात, आणि त्यांचा उपचार वेगळा असतो. अंकुरांभोवती फायब्रिनचा जाड थर साचणे किंवा अंकुरांच्या मधल्या जागेत मातेच्या दाहपेशी भरणे, हे सूक्ष्मदर्शकाशिवाय ओळखताच येत नाही. तिसरे कारण मी कोणत्याही शोधनिबंधात वाचलेले नाही, पण गावात काम करणाऱ्या कोणालाही ते माहीत आहे. बाळ गेले की दोष बाईवर येतो: ग्रहणात बाहेर गेली, पपई खाल्ली, कळशी उचलली, तिचा पायगुणच वाईट. डॉक्टरांनी सासूबाईंसमोर अहवाल ठेवून 'वारेच्या नसा आधीपासून नीट उघडल्याच नव्हत्या, सूनबाईंनी केलेल्या कशानेही हे झालेले नाही' असे सांगितले, तर त्या घरातील पुढची दोन वर्षे वेगळी जातात. हे सांगण्यासाठी कागद लागतो.

आता प्रत्यक्ष काय करावे, याबद्दल. प्रत्येक उच्च रक्तदाबाच्या प्रसूतीत परिचारिकेने हातमोजे घालून, नाळ आणि पडदे कापून व सैल गुठळ्या वेगळ्या करून (चिकटलेली गुठळी तशीच ठेवून) वारेचे वजन करावे, व्यास मोजावा, चिकटलेली गुठळी, टणक फिकट भाग आणि नाळेतील रक्तवाहिन्यांची संख्या पाहावी आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र काढावे. पूर्ण दिवसांची निरोगी वार साधारण अर्धा किलोची असते. यासाठी स्टीलचा वेगळा ट्रे आणि साधा डिजिटल काटा लागतो. बाळाचा काटा यासाठी वापरू नये. चिरणे आमच्यावर सोडावे. ३४ आठवड्यांच्या आतली प्रसूती, मृतजन्म, झटके, हेल्प सिंड्रोम (तांबड्या पेशी फुटणे, यकृत बिघडणे आणि प्लेटलेट घटणे), वार आधी सुटणे, किंवा आठवड्यांच्या मानाने बाळ फारच लहान असणे, यांपैकी काहीही असेल तर ती वार पाठवावी. लगेच फॉर्मेलिन नसेल तर झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये चार अंशांवर ठेवली तरी काही दिवस चालते. गोठवू मात्र नये, गोठवलेल्या वारेतून सूक्ष्मदर्शकाखाली काही उरत नाही. लसींच्या शीतसाखळीतला फ्रिज यासाठी नाही, हे लिहून ठेवणे बरे. स्त्रीची संमती घ्यावी. काही घरांत वार पुरण्यासाठी परत मागतात, त्यांना समजावून सांगावे आणि तरीही नको म्हटले तर छायाचित्र आणि वजनावर थांबावे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांना यात कोठेही बाधा येत नाही, तपासणीनंतर वार त्याच पिवळ्या पिशवीत जाते. आमच्या बाजूने अहवाल २०१४ च्या अ‍ॅमस्टरडॅम बैठकीत ठरलेल्या समान व्याख्यांनुसार लिहिले जावेत, म्हणजे नागपूरचा अहवाल कोल्हापुरात वाचता येईल.

कामाचा बोजा वाढेल ही हरकत रास्त आहे. प्रसूतिगृहात रात्री एकटी परिचारिका तीन बाया सांभाळत असते, हे मी पाहिले आहे. म्हणूनच सर्व प्रसूतींऐवजी फक्त उच्च रक्तदाबाच्या प्रसूती मागितल्या आहेत, आणि सूक्ष्म तपासणी त्यातल्याही थोड्यांची. मोजमापासाठी परदेशी तक्ते तसेच्या तसे वापरता येणार नाहीत, ही अडचण मला अधिक मोठी वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने जवळच्या गावांत केलेल्या अभ्यासात जन्मलेल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो होते, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो, आणि त्याच चमूने २००० मध्ये छापले, की गरोदरपणाच्या मध्यावरच आपल्या ग्रामीण स्त्रियांच्या वारेचे आकारमान साउदॅम्प्टनच्या स्त्रियांपेक्षा कमी भरते. तेव्हा लहान वार म्हणजे रोगट वार, असा सरसकट निष्कर्ष काढला तर निम्मे राज्य रोगट ठरेल. आपल्या राज्याचे आठवडेनिहाय तक्ते आपल्यालाच करावे लागतील, आणि ही नोंद सुरू झाली की ते आपोआप होऊ लागतील.

यातले काहीही जिवंत स्त्रीच्या उपचाराच्या बदल्यात मी मागत नाही. रक्तदाब नीट बसवून, हात हृदयाच्या पातळीला ठेवून मोजणे, लघवीची पट्टी, आणि झटक्यांसाठी मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा यांना पर्याय नाही. साध्या तोंडी गोळ्यांनीही तीव्र रक्तदाब आटोक्यात येतो, हे तर नागपुरातच सिद्ध झाले. तेथील दोन सार्वजनिक रुग्णालयांत ८९४ स्त्रियांवर झालेली, निफेडिपिन, लॅबेटॅलॉल आणि मिथिलडोपा यांची तुलना करणारी चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिन्ही औषधे कामाची ठरली. म्हणजे चांगली नोंद ठेवली तर या राज्याच्या सार्वजनिक रुग्णालयांतून जगाला उपयोगी पडेल असे ज्ञान निघते.

माझी सूचना अशी, की संपूर्ण राज्यात एकदम सुरुवात न करता, वैद्यकीय महाविद्यालय असलेला एक जिल्हा आणि ते दूर असलेला एक आदिवासीबहुल जिल्हा निवडून एक वर्ष हे करून पाहावे. दोन्ही विभागांचा मिळून एक अधिकारी त्यासाठी नेमावा. आणि अहवाल तीन आठवड्यांत त्या स्त्रीच्या आशाताईंपर्यंत पोहोचतो की नाही, यावर यश मोजावे, किती वारा तपासल्या यावर नव्हे. नोंदीच्या रकान्यांचा एक पानी मराठी नमुना आणि विनंतीपत्राचा मसुदा मी तयार केला आहे. आपल्या कार्यालयाने कळवल्यास दोन्ही पाठवीन, आणि निवडलेल्या जिल्ह्यांतील परिचारिकांना वार कशी पाहावी हे प्रत्यक्ष दाखवायला स्वखर्चाने येईन.

कळावे,

आपली नम्र,
एक विकृतिशास्त्रज्ञ